थर्माकोलचा चंद्र

कट्ट्याचं पत्र आलं तेव्हा रेणुका खैरनार ग्रंथालयाच्या तळघरात जुन्या निवाड्यांच्या खंडांना नवे क्रमांक डकवत होती. नाशिकच्या त्या विधी महाविद्यालयात ग्रंथपाल म्हणून तिची तेरा वर्षं झाली होती, आणि हे काम तिला आवडायचं, कारण त्यात कुणाशी बोलावं लागत नसे. हाताची धूळ पुसून तिनं फोनवर पत्र वाचलं. छोटंच होतं. यंदाची क्रमवारी येत्या रविवारी साताऱ्यात ठरायची होती. मतदारयादीत खैरनार मॅडमचं नाव अजून होतं, ते खोडायला कुणाचा हात होत नव्हता. त्यांनी पहिल्या क्रमांकावर ठेवलेला व्हिडिओ आता कुणाच्या नावावर टाकायचा, तेवढं घरच्यांनी कळवावं. खाली सही होती, दस्तगीर मुजावर, मिरज.

खैरनार मॅडम म्हणजे रेणुकाची आई, वनिता. तिला जाऊन नऊ महिने झाले होते.

तारिणी नावाच्या गायिकेनं १९९६ ते २०१२ या काळात एकतीस व्हिडिओ केले आणि एके दिवशी गाणं सोडून ती परदेशी निघून गेली. तिनं सोडलं, पण चाहत्यांनी सोडलं नाही. 'तारिणी कट्टा' म्हणून त्यांचा एक गट होता. दर वर्षी नोव्हेंबरात ही माणसं त्याच एकतीस व्हिडिओंची नव्यानं क्रमवारी लावत आणि वर्षभर त्यावरून भांडत. वनिताबाई कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवत, बोर्डाचे पेपर मॉडरेट करत. कट्ट्याची क्रमवारीही बावीस वर्षं त्यांनीच चालवली, त्याच लाल पेननं. नियम कडक होते. पहिल्या क्रमांकासाठी तीन ओळींत कारण द्यायचं, 'आवडतो म्हणून' हे कारण धरलं जाणार नाही. आणि पहिलंच कलम असं, की क्रमवारी व्हिडिओंची आहे, गाण्यांची नाही, तेव्हा कुणीही डोळे मिटून मत देऊ नये.

रेणुकाला या सगळ्याचं हसू यायचं. पिवळी छत्री हा अभिनयाचा भाग की नेपथ्याचा, यावर साठीची बाई दीड तास फोनवर वाद घालते, हे तिच्या समजुतीपलीकडचं होतं. तिला स्वतःला तसली गाणी सोसवत नसत. ती आतल्या खोलीत पुस्तक घेऊन बसे आणि दार लोटून घेई.

मग २०३९च्या जूनमध्ये आईला झटका आला. डाव्या मेंदूत रक्त साकळलं, उजवी बाजू गेली आणि भाषा गेली. ती नुसतीच अडखळली असती तरी चाललं असतं, पण शब्दच गेले. वाचताही येईना, लिहिताही येईना. एक 'हं' तेवढा राहिला, तो प्रत्येक गोष्टीला असायचा. वीस जूनला रेणुकानं तिला घरी आणलं तेव्हा गळ्याच्या हाडाखाली एक पट्टी चिकटवलेली होती, क्रीमच्या बिस्किटाएवढी.

बोलता न येणाऱ्या रुग्णांसाठीच ती पट्टी मुळात निघाली होती. दुखतंय हे ज्याला सांगता येत नाही, त्याचं दुखणं शरीराकडूनच काढून घ्यायचं, अशी तिची कल्पना. कातडीचा ओलावा, दोन ठोक्यांमधलं अंतर, श्वासाची लय, पोटाच्या आणि छातीच्या स्नायूंतली बारीक वीज, एवढं ती सेकंदाला दोनशे वेळा टिपायची. वेदनेची एक ओळखीची चाल असते. श्वास अडतो, ठोक्यांमधलं कमीजास्त अंतर एकसारखं होत जातं, कातडी ओलसर होते. ती चाल दिसली की खाटेजवळचा दिवा लाल व्हायचा. एरवी हिरवा. आणि शरीरात काहीतरी चाललंय पण ते वेदना आहे की नाही हे यंत्राला ठरवता येत नसेल, तर पिवळा. बाकीचं सगळं बिनकामाचं म्हणून साठवून ठेवलं जाई.

आईला काय द्यावं हे रेणुकाला कळत नव्हतं. वाचून दाखवलं तर आई भिंतीकडे बघायची. मग तिनं कट्ट्याच्या जुन्या याद्या काढल्या. आईच्या यादीत एकोणीस वर्षं पहिल्या क्रमांकावर एकच नाव होतं, 'निळ्या तळ्याकाठी'. रेणुकानं खाटेला एक लांब दांडा बसवून घेतला, त्याला टॅब अडकवला आणि रोज दुपारी चार वाजता तो व्हिडिओ लावायला सुरुवात केली. पडदा आईच्या तोंडासमोर असे. रेणुका दांड्याच्या पलीकडे, आईच्या उजव्या अंगाला बसून तिच्या निर्जीव हाताची बोटं एकेक करून चोळत असे. तिच्या वाट्याला टॅबची पाठ यायची. गाणं संथ, उदास, मधे बासरी. बासरीच्या सुमाराला आईचा डावा हात हळूहळू वर यायचा, तळवा उघडा, आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागायचं. चेहऱ्याची उजवी बाजू ओघळलेली, डावी वेडीवाकडी व्हायची. दिवा पिवळा.

गाणं आईपर्यंत पोचतंय, असं रेणुकाला वाटायचं. आई ताल धरते आहे. एवढा एकच धागा उरला आहे म्हणून तिनं तो एक दिवसही तुटू दिला नाही. सतरा फेब्रुवारीपर्यंत. दोनशे त्रेचाळीस दिवस.

पत्र आलं त्या दुपारी तळघरातून वर येऊन तिनं मिरजेला फोन लावला. दस्तगीर मुजावर हे एसटीच्या आगारात वाहतूक नियंत्रक होते, निवृत्त होऊनही पंधरा वर्षं झालेली. आवाज अजून फलाटावरचा. त्यांनी आधी रीतसर चौकशी केली, मग आईबद्दल दोन शब्द बोलले, आणि ते शब्द त्यांनी घोटून घोटून ठेवलेले असावेत असं तिला वाटलं. तिनं म्हटलं, काका, आईचा पहिला क्रमांक माझ्या नावावर टाका. तिचा एवढा आवडता व्हिडिओ होता, तो मी ठेवीन.

पलीकडे दस्तगीरकाका हसले.

"आवडता? बाळ, तुला मॅडमनी सांगितलं नाही काय? ते दत्तक होतं."

त्यांनी मग सगळं सांगितलं. सलग दोन वर्षं ज्या व्हिडिओला कुणीच वरचं मत देत नाही तो यादीतून कायमचा जातो, असा कट्ट्याचा मूळ नियम. पण तारिणीचं काही जावं हे कुणाला बघवेना. म्हणून वनिताबाईंनीच रीत पाडली की प्रत्येक सभासदानं शेपटाकडचा एक व्हिडिओ दत्तक घ्यायचा आणि मनावर दगड ठेवून त्याला आपला पहिला क्रमांक द्यायचा. खरी आवड दुसऱ्या क्रमांकापासून सुरू. कट्ट्यावर हे सगळ्यांना इतकं ठाऊक, की कुणी लिहून ठेवलेलं नाही.

"आणि मॅडमनी घेतला तो सगळ्यांत भिकार," काका म्हणाले. "हे पाप मला पुन्हा दाखवलंत तर शिक्षा समजेन, असं स्वतः म्हणायच्या. त्यात ते असं आहे बघ, की—"

रेणुकानं दारावर कुणीतरी आलंय असं सांगून फोन ठेवला. दारावर कुणी नव्हतं.

पुढचे तीन दिवस ती कामावर गेली, जेवली, खंडांना क्रमांक लावले. पण डोक्यात एकच हिशेब चालू होता. ज्या बाईला तोंडानं 'नको' म्हणता येत नव्हतं, तिला आपण तिच्याच शब्दांतली शिक्षा दोनशे त्रेचाळीस वेळा दिली. डोळ्यांतून पाणी येत होतं, तोंड वाकडं होत होतं. हात वर होत होता, तळवा उघडा. तो ताल नव्हता. पुरे म्हणत होती ती. थांबव म्हणत होती. रहदारीच्या पोलिसालाही हात एवढाच वर करावा लागतो, आणि तो परक्या माणसाला कळतो. आपण मात्र तिचा दुसरा हात चोळत बसलो.

आईच्या यादीत दुसऱ्या क्रमांकावर काय होतं ते तिनं पाहिलं. 'दुपारचं ऊन'. ते तिनं आईला एकदाही लावलं नव्हतं.

व्हिडिओ बघावा असं तिला एकदा वाटलं. टॅब हातात घेतला, पहिले दोन सूर ऐकले आणि बंद केला. ते सूर आता ऐकवत नव्हते.

गुरुवारी पल्लवी सोनटक्केचा फोन आला. ही पुण्याची, पट्टी बनवणाऱ्या कंपनीत विश्लेषक, वय तेहतीस, आणि कट्ट्यावर आईची जुनी वैरीण. आई आजारी पडायच्या वर्षभर आधीच पट्टी दवाखान्यातून बाहेर पडून दुकानांत आली होती. अंगावरचा काटा ओळखणं यंत्राला सोपं, म्हणून ते आधी आलं. सिनेमावाले पहिल्या खेळाला निम्म्या प्रेक्षकांना पट्ट्या लावत. मुलगी बघायला जाताना 'दोघांनीही पट्टी लावू या का, म्हणजे मागाहून बोलणं नको,' असं मध्यस्थ विचारू लागले होते, आणि त्यापायी दोन ठरलेली लग्नं मोडल्याचं रेणुकाच्याच महाविद्यालयात कुणी सांगत होतं. पल्लवीनं हीच पट्टी कट्ट्यावर आणली. मतं कशाला, प्रत्येकानं पट्टी लावून एकतीस व्हिडिओ बघावेत, ज्याला जास्त काटा तो वर. शरीर खोटं बोलत नाही.

वनिताबाईंनी तिला 'काटेवाली' असं नाव ठेवलं आणि सहा महिने झुंज दिली. अंगावर काटा थंडीनंही येतो, हे त्यांचं पहिलं वाक्य. शेवटचं त्यांनी झटका यायच्या आठवडाभर आधी लिहिलं होतं: माझ्या मतासाठी माझ्या कातडीला विचारू नका. मी जिवंत आहे, मला विचारा.

पल्लवीनं फोनवर आडवळण घेतलं नाही. दस्तगीरकाकांनी तिला सांगितलं होतं की मुलगी फोन अर्धा ठेवून गेली, आवाज बरा नव्हता. यंदा कंपनीचं नवं वाचन आलंय, ती म्हणाली, नुसती वेदना आणि काटा नाही, बाकीचंही ओळखतं, आणि जुन्या नोंदीही वाचतं. मॅडमच्या आठ महिन्यांच्या नोंदी तुमच्या खात्यात असतील. क्रमवारीसाठी मागत नाहीये, तसं केलं तर मॅडम येऊन मला हाकलतील. पण ताई, तुम्हाला स्वतःला जाणून घ्यायचं असेल तर शनिवारी साताऱ्याला जाताना माझ्याकडे थांबा.

रेणुका दोन दिवस त्या वाक्यापाशी अडून राहिली. आईनं स्पष्ट लिहून ठेवलं होतं. कातडीला विचारू नका, मला विचारा. पण विचारायला आई नव्हती, आणि शेवटचे आठ महिने ती असूनही विचारता येत नव्हतं. कातडीचं म्हणणं तेवढं मागे राहिलं होतं. ते उघडलं आणि उत्तर वाईट निघालं, तर तेही आयुष्यभर जवळ ठेवावं लागणार होतं. आणि न उघडता जगायचं तर रोज दुपारी चार वाजता तोच प्रश्न.

शनिवारी ती दुपारी दीडला हडपसरला पल्लवीच्या दारात उभी राहिली.

पल्लवीनं तिला आधी जेवायला लावलं. पिठलं, भाकरी, वर लसणाची चटणी. मूळची विदर्भातली पोर, तिखटाला हात सैल. जेवताना तिनं आईशी झालेल्या भांडणाच्या गोष्टी सांगितल्या. एकदा वनिताबाईंनी तिच्या तक्त्यातली टक्केवारी तपासून दोन चुका काढल्या होत्या आणि खाली शेरा मारला होता, 'विचार चुकीचा, मांडणी नीटनेटकी, सहा गुण.' त्या शेऱ्याचा फोटो तिनं छापून टेबलापाशी लावला होता. रेणुकानं तो पाहिला. अक्षर आईचं होतं.

मग पल्लवीनं नोंदी उघडल्या आणि त्यांच्याशेजारी टॅबवर व्हिडिओ लावल्याच्या वेळा जुळवल्या. पडद्यावर दोनशे त्रेचाळीस बारीक रेघा एकाखाली एक आल्या, प्रत्येक रेघ म्हणजे एक दुपार. ती आधी वेदनेचं बघू म्हणाली. चार वाजताच्या त्या पाच मिनिटांत लाल खूण होती फक्त तीन दिवस. त्या तिन्ही दिवशी सकाळपासूनच लाल होतं, ताप होता. रेणुकाला तारखा आठवल्या. तिनं मान हलवली, पण तिचं बोट दुसरीकडे होतं. जवळजवळ प्रत्येक रेघेवर एकाच ठिकाणी एक दाट झुपका होता, वरपासून खालपर्यंत एका सरळ रेषेत, शिवणीसारखा.

"हे पिवळं," ती म्हणाली. "इथं ती रडायची."

पल्लवीनं एक झुपका मोठा केला. श्वासाची रेघ दातेरी दिसत होती. ती बराच वेळ बघत राहिली आणि मग तिनं खुर्ची वळवून रेणुकाला नीट समजावून सांगितलं, घाई न करता. हसण्यात आणि रडण्यात चेहरा फसवतो, अश्रूही फसवतात, दोन्हीकडे येतात. श्वास फसवत नाही. हुंदका आत ओढला जातो, हवा आत जाताना तिचे तुकडे पडतात. हसू बाहेर फेकलं जातं, हवा बाहेर जाताना तुकडे पडतात, सेकंदाला चार-पाच, घड्याळ लावल्यासारखे. अर्धा चेहरा गेलेल्या माणसाला ओठांनी हसता येत नाही, पण छाती-पोटामधला श्वासाचा पडदा आपलं काम करत असतो.

"हे सगळे तुकडे बाहेर जातानाचे आहेत, ताई."

 मग रेणुकानं, वाचणाऱ्या माणसाला सुचतं ते, विचारलं. झटक्यानंतर काही लोक कारण नसताना हसतात, रडतात. डॉक्टरांनी सांगितलं होतं. त्याला अर्थ नसतो.

पल्लवीला हा प्रश्न आवडलेला दिसला. ते खरं आहे, ती म्हणाली, पण तसलं हसू वेळ पाळत नाही. तिनं दिवसाच्या बाकीच्या नोंदी तपासल्या. तसे भलत्या वेळचे प्रकार आठ महिन्यांत अकरा. आणि हे झुपके दोनशे एकोणीस, प्रत्येकाचा भर गाण्याच्या दोन मिनिटं एक्केचाळीस सेकंदांच्या आसपास. "तिथं काय आहे ते तर तुम्हाला माहीतच असेल."

"बासरी आहे," रेणुका म्हणाली.

पल्लवीनं तिच्याकडे पाहिलं. "बासरी? अहो, व्हिडिओत काय आहे?"

आणि तेव्हा रेणुकाला सांगावं लागलं की तिनं तो पाहिलेला नाही. दोनशे त्रेचाळीस वेळा ऐकला आहे. पाहिला नाही.

पल्लवीनं फोन तिच्या हातात दिला आणि आवाज बंद केला; ते सूर रेणुकाला आता सोसत नाहीत हे तिनं कसं ओळखलं कोण जाणे. निळ्या दिव्यांत एक प्लास्टरचा हंस होता, त्यावर तारिणी दुःखी चेहऱ्यानं बसलेली. तळं म्हणजे पसरलेलं कापड, खालून कुणीतरी हलवत होतं. मागे थर्माकोलचा एक भलामोठा चंद्र, दोरीला टांगलेला. चंद्राखाली एक धोतरवाला नर्तक बासरी तोंडाला लावून डोलत होता. दोन मिनिटं एक्केचाळीस सेकंदांवर दोरी सुटली. चंद्र सरळ त्याच्या डोक्यात पडला, फुटला, आणि त्याचं डोकं चंद्रातून आरपार वर आलं. आणि तो माणूस थांबला नाही. गळ्यात चंद्र अडकवून, बासरी न सोडता, त्याच गंभीर मुद्रेनं तो शेवटपर्यंत डोलत राहिला. तारिणीला पत्ताच नाही. ती पुढे विरहात.

"पुन्हा घ्यायला फिल्म उरली नव्हती म्हणे," पल्लवी म्हणाली. "आम्ही त्याला चंद्रराव म्हणतो."

रेणुकानं ते चार वेळा पाहिलं. चौथ्यांदा तिच्या तोंडून एक आवाज बाहेर पडला, आणि तो तुकड्यातुकड्यांनी बाहेर जाणारा होता. पल्लवी पाणी आणायला म्हणून आत गेली आणि पाण्याला बराच वेळ लागला.

नंतर त्यांनी रेघा क्रमानं पाहिल्या. जूनमध्ये झुपका चंद्र पडल्यावर येत होता. ऑगस्टात तो पडायच्या चार सेकंद आधी सुरू होऊ लागला. ऑक्टोबरात वीस सेकंद आधी. डिसेंबरात तर गाणं सुरूच झालेलं नसायचं, दांडा ओढून टॅब अडकवताना जो कट्ट आवाज होतो, त्या आवाजाच्या वेळेला छातीत पहिली थरथर उमटलेली होती. आई वाट बघत होती. पुढे काय होणार हे ठाऊक असलेल्या माणसासारखी, आणि समोर बसलेल्या मुलीला ते ठाऊक नाही हेही ठाऊक असलेल्या माणसासारखी.

सगळ्यांत लांब हसू बावीस सेकंदांचं होतं, बारा नोव्हेंबरचं. पल्लवीला कारण सापडेना, कारण त्या दिवशी गाणं दोन मिनिटं चाळीसवरच तुटलं होतं. रेणुकाला मात्र लख्ख आठवलं. नेटवर्क गेलं होतं. चित्र अडकलं, तिनं वैतागून टॅबच्या पाठीवर दोन थापा मारल्या, कंपनीला शिव्या घातल्या, पुन्हा सुरुवातीपासून लावलं, पुन्हा तिथंच अडकलं. चंद्र दोरीला लटकलेला, चंद्रराव खाली उभे आणि लेक दांड्याच्या मागे शिव्या देत्येय.

"तिनं 'हं' म्हटलं होतं त्या दिवशी," ती म्हणाली. "खूप वेळा."

निघताना पल्लवीनं नोंदींचं काय करायचं विचारलं. रेणुका म्हणाली, माझ्यापाशी राहू दे. क्रमवारीत नको. पल्लवीनं वाद घातला नाही. तिच्या यंत्रात काटा मोजला जात होता, हसू कधी मोजलंच नव्हतं, हे तिचं तिलाच त्या दुपारी ध्यानात आलं असावं, कारण दाराशी आल्यावर ती स्वतःशीच म्हणाली, मॅडमनी यावर दोन गुण नक्की कापले असते.

साताऱ्याच्या रस्त्यावर खंबाटकीचा घाट उतरताना रेणुकानं 'दुपारचं ऊन' लावलं. गाणं चांगलं होतं. आईला हे एकदा तरी लावायला हवं होतं, ते राहिलंच, आणि ते राहणार होतं. पण छातीवरचा पाच दिवसांचा दगड सरकला होता आणि श्वास खालपर्यंत जात होता. एकच खडा राहिला होता. हात. हसत होती हे खरं. पण मग तो हात वर का करायची? हसणारा माणूसही 'पुरे आता' म्हणतो. हसून हसून दमलेलाही म्हणतो. हात काय म्हणत होता हे कोणत्याच रेघेत नव्हतं, पट्टी छातीवर होती.

रविवारी सकाळी मंगल कार्यालयात ऐंशीएक माणसं होती. बहुतेक साठीच्या पुढची, काही नातवंडांना घेऊन आलेली. दस्तगीरकाका उंच, वाकलेले, पांढरा सदरा. त्यांनी रेणुकाचा हात दोन्ही हातांत धरला, फोनवर आपण भलतंच बोलून गेलो याची माफी मागू लागले. तिनं त्यांना थांबवलं आणि मतपत्रिका मागितली. कागदीच होती, आईच्या हट्टानं कागदी राहिलेली.

दुसऱ्यापासून एकतिसाव्यापर्यंत तिनं आईचीच शेवटची यादी उतरवली. पहिल्या क्रमांकावर 'निळ्या तळ्याकाठी' लिहिलं. खाली कारणासाठी तीन ओळी होत्या. तिथं तिनं लिहिलं: 'या व्हिडिओनं एका बाईला दोनशे एकोणीस वेळा हसवलं. त्यांतल्या बऱ्याच वेळा चंद्र पडण्याआधीच. हे काम व्हिडिओचं आहे, गाण्याचं नाही.'

काकांनी कागद वाचला. चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "कारण ग्राह्य," ते म्हणाले आणि पेटीत टाकला.

रिवाजाप्रमाणे दत्तक व्हिडिओ आधी दाखवायचे होते. चहा आला. पडदे ओढले. निळा हंस पडद्यावर आला आणि सभागृहात एक खसखस पिकली, मग सगळे गप्प झाले. रेणुका मधल्या रांगेत बसली होती, शेजारी काका. ते उदास सूर सुरू झाले तेव्हा तिनं बशी घट्ट धरली. दोन मिनिटं झाली. सव्वादोन. बासरी सुरू झाली.

आणि मग तिच्यासमोर, आजूबाजूला, मागे, ऐंशी हात हळूहळू वर आले. सगळे डावे. तळवे उघडे, छताकडे, बोटं जराशी वाकलेली.

"काका," तिनं कुजबुजत विचारलं, "हे काय आहे?"

"चंद्र धरायचा असतो ना," काका पडद्यावरची नजर न काढता म्हणाले. "पडू नये म्हणून. मॅडमनी पाडलेली रीत. उजव्या हातात चहा असतो."

रेणुकानं बशी मांडीवर ठेवली. तिनं आपला डावा हात वर केला, जेवढा आईचा यायचा तेवढाच, आणि तळवा उघडला.

दोरी सुटली.